घोडीची लीद कडक पडतीय, पाणी पण कमी पितीय, उन्हाळ्यात काय करता तुम्ही लोक?

नुकरावाला_सोलापूर | रात्री 11:52

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडं एक नुकरी (पांढरीशुभ्र) घोडी आहे, चांदणी नाव, दिवाळीनंतर बाजारातून घेतली, विकणाऱ्यानं 6 वर्षाची सांगितली. विजापूर रोडच्या बाजूला आमची जागा आहे तिथं पत्र्याचं शेड मारलंय, तिथंच बांधतो. लग्नसराईत वरातीला जाते, बाकी दिवस नुसती उभीच असते, सकाळी अर्धा तास फिरवतो तेवढंच.

प्रॉब्लेम असाय की एप्रिल लागल्यापासून लीद एकदम कडक पडतीय, लहान लहान गोळे, वरून चिकट शेंबडासारखं काहीतरी लागलेलं, आणि आधी दिवसात आठ-दहा वेळा टाकायची ती आता चार-पाच वेळा. पाणी ठेवलेलं असतं पण पीत नाही नीट, तोंड बुडवते आणि सोडून देते. गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडला एक वरात होती, संध्याकाळी 6 ला नेली ती रात्री 11 ला मोकळी झाली, घरी आल्यावर पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली, मान वळवून सारखी पोटाकडं बघायची, एकदा खाली बसली परत उठली. आम्ही रात्रभर जागे. पहाटे लीद टाकली आणि शांत झाली.

खायला कडबा (कुट्टी करून), संध्याकाळी हरभरा आणि कोंडा मिळून 3 किलो, घास (हिरवा लसूणघास) परवडला तर कधीतरी. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून टाकीत साठवतो, बोअरचं पाणी आहे पण खारट आहे.

चुलते म्हणतात अर्धा लिटर गोडंतेल पाजव नळकांड्यानं, पोट मोकळं होईल, आणि वरातीवरून आल्यावर दोन तास पाणी दाखवायचंच नाही, गरम अंगाला पाणी लागलं की पोटात वळ पडतो. खरंय का हे? परवा परत एक वरात आहे, मला टेन्शन आलंय.

---

टांगेवाल्याचा_नातू | रात्री 12:20

भावा तुझे चुलते जुने जाणकार दिसतात. माझ्या आजोबांचा टांगा होता, स्टेशन ते नवी पेठ, स्टेशन ते सिद्धेश्वर मंदिर, 30-35 वर्षं चालवला. आमच्याकडं पण हाच नियम, घोडा घामाघूम आला की आधी खोगीर-साज उतरवायचा, पोत्याच्या तुकड्यानं अंग पुसायचं, अर्धा तास हिंडवायचं आणि मग पाणी. पण एक सांगतो, आजोबा टाकीचं पाणी कधीच द्यायचे नाहीत (तेव्हा प्लॅस्टिकची टाकी होतीच कुठं म्हणा), सावलीला रांजण असायचा, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, त्यातलं गार पाणी बादलीत काढून त्यात मूठभर गूळ विरघळवून द्यायचे. घोडा बादली रिकामी केल्याशिवाय मान वर काढायचा नाही. तू एकदा दुपारी 2 वाजता तुझ्या टाकीच्या पाण्यात हात घालून बघ बे, चहा करायला चालेल इतकं तापलेलं असतंय आपल्याकडं. तू पिशील का तसलं पाणी?

तेलाचं मात्र मी सांगणार नाही. आमचा एक घोडा तेल पाजल्यावर चार दिवसांनी गेला. पोट मोकळं झालं होतं पण खोकायला लागला, नाकातून पाणी, ताप, धाप, गेला. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे नजर लागली.

---

जनावरांचा_डॉक्टर | सकाळी 6:45

नजर नाही लागली दादा, तेल फुप्फुसात गेलं. आधी हेच लिहितो कारण उद्या वरात आहे आणि प्रश्नकर्त्यानं काल रात्रीच तेल पाजलं नसेल अशी आशा करतो.

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका पोटाला जिथं मिळते तिथली चुणी इतकी घट्ट असते की आत गेलेलं परत वर येत नाही. आणि मान वर करून, नळकांडं तोंडात खुपसून तेल ओतलं की घोडा ते गिळतोच असं नाही, थोडं श्वासनळीत उतरतं. तेलाला चव नाही, बोचत नाही, म्हणून त्याला ठसका पण लागत नाही. तुम्हाला वाटतं पिला. तीन-चार दिवसांनी न्यूमोनिया दिसतो आणि त्यावर मग फार काही हातात राहत नाही. आम्ही पण पोट गच्च झालं तर पॅराफिन तेल देतो, पण नाकातून थेट जठरापर्यंत नळी टाकून, नळी जागेवर बसली का ते तपासून. हे काम घरी करायचं नाही. बैलाला पाजतात तसं घोड्याला पाजायचं नाही, दोघांची आतडी वेगळी आणि गिळणं पण वेगळं.

आता घोडीला काय होतंय. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं अगदीच लहान, 8 ते 15 लिटर मावेल इतकंच. खरा कारखाना मागं आहे, मोठं आतडं आणि आंधळं आतडं, तिथं चारा जंतूंच्या मदतीनं आंबतो, शंभर लिटरच्या वर माल तिथं पडून असतो आणि तो सगळा पातळ, ओला असावा लागतो. हेच आतडं अंगाची पाण्याची टाकी पण आहे, अंगाला पाणी कमी पडलं की घोडा तिथलंच ओढून घेतो. मग आतला चोथा सुकतो. मोठ्या आतड्याला डाव्या बाजूला एक वळण आहे, तिथं नळी एकदम अरुंद होते, सुकलेला कडबा नेमका तिथं अडतो. तुमच्या घोडीला वरातीच्या त्या रात्री बहुतेक तेच झालं, सुटलं म्हणून वाचलात. गोळ्यावरचा तो शेंबूड म्हणजे लीद आत जास्त वेळ रेंगाळली याची खूण.

मला दोन गोष्टी सांगा. एक, दिवसात नक्की किती लिटर पिते, अंदाज नको, बादलीनं मोजून. दोन, ते 3 किलो दाणा एकदम देता का? आणि वरातीच्या आधी देता का नंतर?

---

नुकरावाला_सोलापूर | सकाळी 7:10

डॉक्टरसाहेब तेल नाही पाजलं, वाचलो. चुलत्यांना वाचून दाखवलं, गप झालेत.

दाणा एकदमच देतो, 5 वाजता, म्हणजे वरातीला जायच्या आधी, ताकद राहावी म्हणून. पाणी आज मोजतो, 20 लिटरची बादली आहे.

---

काय_बे_सोलापूर | सकाळी 8:02

5 वाजता 3 किलो हरभरा-कोंडा आणि 6 ला डीजेसमोर नाच? घोडीच्या जागी मी असतो तर मी पण लोळलो असतो बे 😄

---

तबेल्यावरची_ताई | सकाळी 9:30

मी पुण्यात राहते पण माहेर सोलापूरचं, जुळे सोलापूर. आठ-नऊ वर्षं एका रायडिंग क्लबमध्ये घोडी सांभाळतेय म्हणून थोडं अनुभवाचं सांगते, डॉक्टरांनी चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी घोडीचं वजन काढ, काटा नको, शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायाच्या मागून छातीभोवती घेर घे सेंटीमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 165 आणि लांबी 150 आली तर वजन साधारण 344 किलो. नुकरी घोडी वरातीची म्हणजे याच्या आसपासच असेल.

आता साधा हिशोब. आरामात उभ्या घोड्याला थंड दिवसात 100 किलोमागं 5 लिटर, म्हणजे तुझ्या घोडीला 17 लिटर, हे कमीत कमी. पण सोलापूरचा मे महिना म्हणजे 42-43 डिग्री, त्यात कोरडा कडबा, त्यात काम. 30-40 लिटर लागणारच. हिरव्या चाऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं, कडब्यात दहा टक्के पण नसतं धर, म्हणजे चारा हिरव्यावरून कडब्यावर आला की तेवढं पाणी तोंडानं प्यावं लागतं. आणि आपण नेमकं उन्हाळ्यातच कडब्यावर आणतो कारण घास महाग.

आणि मीठ. तू मीठ देतोस का? तुझ्या पोस्टमध्ये मिठाचं नावच नाही. माणसाचा घाम पातळ असतो, घाम गेला की रक्त घट्ट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम खारट, लिटरला 10 ग्रॅमच्या आसपास क्षार जातात, म्हणजे पाण्याबरोबर मीठ पण त्याच प्रमाणात गेलं, रक्त घट्ट झाल्यासारखं वाटतच नाही आणि मेंदूला निरोपच जात नाही की पाणी पाहिजे. म्हणून घामेजलेला घोडा पाण्यासमोर उभा राहून पाणी पीत नाही. लोक म्हणतात तहान नाही. तहान आहे पण त्याला कळत नाहीये. मीठ पोटात गेलं की आपोआप प्यायला लागतो.

रोज दोन मोठे चमचे साधं मीठ दाण्यात, काम असेल त्या दिवशी तीन-चार. सैंधवाचा खडा गव्हाणीत बांधून ठेवला तरी चालतं पण खडा चाटून सगळे घोडे पुरेसं खात नाहीत म्हणून दाण्यात टाकलेलं बरं. फक्त एक काळजी, मीठ द्यायचं तेव्हा साधं पाणी समोर असलंच पाहिजे, पाणी न देता मीठ दिलं तर आतड्यातलं उरलंसुरलं पाणी पण ओढलं जाईल. आणि सगळ्या पाण्यात मीठ कालवू नको, मग ती तेही पिणार नाही. दोन बादल्या ठेव, एक साधी आणि एक किंचित खारट, ती ठरवेल.

ओआरएसच्या पुड्या टाकणारे पण बघितलेत मी. माणसाच्या एका पुडीत मीठ अडीच ग्रॅमच्या आसपास, निम्म्याहून जास्त तर ग्लुकोजच. घोड्याचं एक-दोन लिटर घाम जायला किती वेळ लागतो? पाच पुड्यांचे पैसे घालवण्यापेक्षा किराणा दुकानातून मिठाची पिशवी आण.

---

टांगेवाल्याचा_नातू | सकाळी 10:15

ताई मस्त लिहिलंत. आमचे आजोबा चिमूटभर मीठ गुळाच्या पाण्यात टाकायचे, आम्हाला वाटायचं चवीसाठी.

पण गरम घोड्याला पाण्याचं काय? मी अजून माझ्या मतावर आहे. आमच्या गल्लीत एक घोडा हौदावर तसाच पाणी प्याला आणि रात्री लोळून लोळून गेला.

---

जनावरांचा_डॉक्टर | दुपारी 1:20

गेला असेल, पण पाण्यानं गेला हे कशावरून? दिवसभर ओझं ओढून पाण्याशिवाय उभा होता, आतडं सुकलेलं होतं, पोटशूळ येणारच होता, पाणी फक्त शेवटी दिसलं म्हणून नाव पाण्याचं झालं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत घोडे 20-30 किलोमीटर पळून येतात आणि तपासणीच्या जागी आल्या आल्या पाणी पितात, उलट तिथं जो पीत नाही त्याच्यावर लक्ष ठेवतात. लाख लाख रुपयांचे घोडे असतात, धोका असता तर पाजलं नसतं.

आजोबांची पद्धत पूर्ण चुकीची म्हणत नाही मी. साज उतरवणं, पुसणं, हिंडवणं, सगळं उत्तम. फक्त त्यात पाणी मधेमधे द्या, पाच-सहा घोट, दोन मिनिटं चालवा, परत पाच-सहा घोट. बर्फाचं पाणी नको आणि एकदम दोन बादल्या घटाघटा नको, एवढंच. दोन तास पाणी बंद ठेवणं हे चुकीचं, कारण आल्या आल्या पहिल्या काही मिनिटांतच तिला प्यायची इच्छा असते, ती वेळ गेली की मग बादली ठेवली तरी तोंड लावत नाही. अंगावर पाणी ओतायला पण घाबरू नका, ओतलं की हातानं निपटून काढा, परत ओता.

---

मोहोळचा_शेतकरी | दुपारी 2:05

आमच्याकडं दोन घोडी आहेत, भीमथडी जातीच्या रक्ताच्या, काटक एकदम. माझा मुद्दा चाऱ्याचा.

कडबा वाईट नाही, आपला जिल्हाच ज्वारीचा, मंगळवेढ्याची मालदांडी, त्याचा कडबा गोड असतो, जनावर आवडीनं खातं. पण घोड्याला नुसता कडबा म्हणजे दांडकी जास्त. आणि कुट्टी फार बारीक, भुशासारखी करू नको, चावायचं राहतं, तशीच गिळली जाते आणि आत गोळा होतो. कुट्टी करून अर्धा तास पाण्यात भिजव, निथळून दे, त्यातच दोन-तीन लिटर पाणी पोटात जातं. मी घमेल्यात भिजवतो, वरून दाण्याचं मीठ तिथंच.

घास थोडा का होईना रोज टाक, आठवड्यातून एकदा पेंढी नको. घोड्याच्या पोटातले जंतू चाऱ्याला सवयलेले असतात, चारा एकदम बदलला की ते मरतात आणि पोट फुगतं. नवीन चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा. ऊस तोडणीच्या वेळी वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतंय म्हणून लोक एकदम वाड्यावर टाकतात घोडी, तिथंही तेच.

हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नको, विशेष करून पाऊस हुकून सुकलेली, लहान वाढीची. गाय-म्हशीचं तर आपल्याला माहितीच आहे, ज्वारीची किरळ (विषबाधा) लागली की जनावर तडफडून जातं. घोड्याला शिवाय ज्वारी-सुदान गवताच्या चराईनं मागचे पाय लटके पडायचा आणि लघवी ठिबकायचा आजार होतो.

आणि कुणाच्या सांगण्यावरून कोंबडीचं खाद्य किंवा गाईची तयार पेंड घोडीला घालू नको!! काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला-गाईला चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं, थोड्यानं पण.

---

जनावरांचा_डॉक्टर | दुपारी 2:40

मोनेन्सिनचं सांगितलंत ते फार बरं केलं, हे बऱ्याच लोकांना माहितीच नसतं.

कोंड्याबद्दल एक वाक्य. कोंडा पोट साफ करतो हा समज आहे, साफ करतं ते कोंड्यात कालवलेलं पाणी. रोज भरपूर कोंडा दिला तर त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नावालाच, वर्षानुवर्षं दिला तर हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं फुगतात. हत्तीगवतात ऑक्झलेट असतं, ते उरलंसुरलं कॅल्शियम पण बांधून ठेवतं, म्हणून कोंडा अधिक हत्तीगवत हा जोड वाईट. घासात कॅल्शियम चांगलं असतं, म्हणून थोडा कोंडा द्यायचाच तर घासाबरोबर.

दाणा: एका वेळेला 100 किलोला अर्धा किलो, त्याच्यावर जायचंच नाही. तुमची घोडी 340 किलो धरली तर एका वेळेला पावणेदोन किलो ही हद्द झाली, त्याच्या निम्मा द्या, दोन वेळा. जठरात जास्त पिठूळ पडलं की ते न पचता मागच्या आतड्यात जातं, तिथं आंबतं, गॅस होतो, खुरांना सूज येते. वरातीच्या आधी दाणा नको, चाराच द्या, काम संपून गार झाल्यावर तासाभरानं दाणा. चारा दिवसाला कोरडा मोजून 6-7 किलो पोटात गेलाच पाहिजे आणि थोडा थोडा दिवसभर, रात्री पण गव्हाण रिकामी नको. घोड्याचं जठर आम्ल सारखं गाळत असतं, खाणं असो नसो.

---

नुकरावाला_सोलापूर | रात्री 9:48

मोजलं. सकाळी 6 ते आत्ता रात्री 9, एकूण 14 लिटर. चौदा!! मला वाटत होतं तीस तरी पीत असेल कारण बादली सारखी भरतो, पण अर्धी तर ती ढकलून सांडते नाहीतर कावळे-चिमण्या पितात.

टाकीच्या पाण्याचं टांगेवाल्या दादांचं बरोबर निघालं, दुपारी 3 ला हात घातला तर कढत. टाकीच्या तळाला शेवाळ पण आहे. बोअरचं पाणी दिलं तर नाक वर करते.

---

तबेल्यावरची_ताई | रात्री 10:20

14 म्हणजे फारच कमी. उद्याची वरात दुसऱ्याकडं दे, मन घट्ट कर.

शेडमध्ये दोन मातीचे रांजण घे किंवा सिमेंटचा छोटा हौद सावलीत कर, टाकीतलं पाणी रात्री त्यात काढून ठेव, सकाळी गार मिळेल. पत्र्यावर उसाचं पाचट नाहीतर जुनी पोती टाकून पाणी मार, पत्रा तापला की खालचं पाणी तापतंच. बादली भिंतीला कडीत अडकव म्हणजे सांडणार नाही. रोज घासून धुवायची, साबण लावला तर वास राहतो, नुसता काथ्या पुरतो.

वरातीत बाहेरचं पाणी ती पिणार नाही, घोडे पाण्याच्या चवीला लई चोखंदळ. दोन 20 लिटरचे कॅन घरचं पाणी टेम्पोत टाकून ने. किंवा घरीच आठवडाभर आधीपासून थोडा गूळ टाकून सवय लाव, मग बाहेरच्या पाण्यात पण तोच गूळ टाकला की वेगळं वाटत नाही. नवरदेव पोचला आणि फोटो चालू झाले की तो तुझा वेळ, कडियाळं (तोंडातली लोखंडी कडी) काढ, पाणी दाखव. पाच तासात एकदाही पाणी नाही असं यापुढं करू नको ग बाई (म्हणजे दादा 😅).

---

काय_बे_सोलापूर | रात्री 10:41

गेल्या वर्षी मित्राच्या लग्नात घोडीला कोल्डड्रिंक पाजणारे वऱ्हाडी बघितलेत मी. ताई त्यांच्यासाठी पण एक पोस्ट टाका.

---

जनावरांचा_डॉक्टर | रात्री 10:55

14 लिटर वाचून मला घोडीचे दात बघावेसे वाटतात. कडबा चावताना अर्धवट चघळलेले बोळे खाली टाकते का? दाणा खाताना तोंडातून सांडतो का? एका बाजूनं चावते का? लिदीत अख्खा हरभरा दिसतो का?

घरी रोज बघायचं ते इतकंच. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी आणि ओली पाहिजे, अंगठ्यानं दाबून सोडा, पांढरा डाग 2 सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. हिरडी चिकट, कोरडी असेल तर पाणी कमी आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची टेस्ट लोक करतात पण म्हाताऱ्या घोड्यात कातडी तशीच सैल असते, फसाल. जबड्याखाली नाडी मिनिटाला 28 ते 44. कुशीला दोन्ही बाजूंनी कान लावा, गुडगुड ऐकू आली पाहिजे, एक-दोन मिनिटं एकदम शांत असेल तर काळजी. ताप 101.5 फॅरेनहाइटच्या आत.

परत उकरायला लागली, पोटाकडं बघायला लागली, वरचा ओठ मुरडायला लागली तर चारा काढून घ्या, हळू चालवा पण दमवू नका, आणि नाडी 50 च्या वर असेल किंवा अर्ध्या-पाऊण तासात फरक नसेल तर डॉक्टरला बोलवाच, रात्र असली तरी. मेडिकलमधून दुखण्याचं इंजेक्शन आणून स्वतः टोचू नका, दुखणं झाकतं, आतला पीळ तसाच राहतो आणि आम्ही पोचतो तेव्हा घोडी बरी दिसते. जवळ कुणी नसेल तर 1962 ला फोन करा, जनावरांचा फिरता दवाखाना आहे.

---

नुकरावाला_सोलापूर | रात्री 11:15

बोळे टाकते!! गव्हाणीखाली रोज असतात, मला वाटायचं नखरा करतीय. लिदीत हरभरा पण दिसतो. उद्याची वरात सोडली, पार्टीला दुसरी घोडी मिळवून दिली, चार शिव्या खाल्ल्या. डॉक्टरला बोलावतो.

---

नुकरावाला_सोलापूर | सहा दिवसांनी, संध्याकाळी 7:30

मंडळी रिपोर्ट देतो.

डॉक्टर आले, तोंडात लाकडी ठोकळा-कडी घालून आत हात घातला, वरच्या दाढांना बाहेरच्या अंगाला सुरीसारखी धार, खालच्यांना आतल्या अंगाला, गालाला आतून जखमा आणि जिभेला पण. घोडा खालचा जबडा बाजूला फिरवून चावतो म्हणून दाढा अशा तिरक्या झिजतात असं म्हणाले. कानशीनं घासून काढलं, पाऊण तास लागला, चांदणी अर्धी झोपेत होती इंजेक्शनमुळं. जखमा होत्या म्हणून धड चावत नव्हती, कडबा तसाच आत जात होता. आणि कोपऱ्यातल्या वरच्या दातावर उभी रेघ दाखवली मला, ती 10 वर्षांनंतरच दिसायला लागते म्हणे आणि हिची अर्ध्याच्या जवळ आलीय. म्हणजे 6 वर्षाची म्हणून घेतलेली घोडी 14-15 ची निघाली. आता काय बोलणार, घोडीचा काय दोष.

लीद पाण्यात कालवून प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगून बघितली, तळाला मुरूम-माती बसली चांगलीच, मी कुट्टी जमिनीवर टाकायचो ना. आता रबरी मॅटवर घमेलं ठेवलंय. त्यावर इसबगोल द्यायचं का विचारलं तर डॉक्टर म्हणाले आधी जागा बदला, मग परत बघू.

पाणी: दोन रांजण घेतले, पत्र्यावर पाचट टाकलं. पहिल्या दिवशी 17, मीठ चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी 22, परवा 29, काल 33 लिटर. कुट्टी भिजवून देतोय, दाणा पाऊण पाऊण किलो दोनदा. रोज पेंढीभर घास, दुसऱ्या खर्चात काटकसर करून. लीद आज नऊ वेळा, गोळे मोठे आणि खाली पडल्यावर फुटतात. मी आयुष्यात कधी लीद मोजेन असं वाटलं नव्हतं, बायको म्हणते पोराच्या वेळी एवढं लक्ष दिलं नाही.

एक प्रश्न राहिला. बोअरचं खारट पाणी ती पीतच नाही, आणि नळाचं पाणी परवा आलं नाही, सातव्या दिवशी आलं. रांजण संपत आले की बोअर आणि नळ अर्धं अर्धं मिसळून चालेल का?

---

मोहोळचा_शेतकरी | रात्री 8:12

चालेल, पण एकदम अर्धं नको. आज चार वाटे नळाचं एक वाटा बोअरचं, दोन-तीन दिवसांनी वाढव, आणि लिटर मोजणं बंद करू नको, आकडा खाली आला की समज तिला पटलं नाही. बोअरचं पाणी एकदा तपासून घे मात्र, नुसतं खारट असणं वेगळं आणि नायट्रेट असणं वेगळं.

---

टांगेवाल्याचा_नातू | रात्री 8:40

आणि गूळ टाक थोडा. डॉक्टर काही म्हणोत.

---

जनावरांचा_डॉक्टर | रात्री 9:05

डॉक्टर काही म्हणत नाही. मूठभर टाका.